वायरींना हात लावला तेव्हा...

‘आई, वायरींना हात लावू नकोस हं!’ हे वाक्य मी घरात वर्षानुवर्षं ऐकतेय. आधी ह्यांच्याकडून, आता लेकाकडून.

बारावीनंतर त्याने गेम खेळायचा कॉम्प्युटर घेतला आणि खोलीचं दार लागलं ते लागलंच. ताटसुद्धा आतच! शेवटी मीच म्हटलं, ‘हॉलमध्ये आण, मोठ्या टीव्हीवर खेळ.’ त्याने जोडलंही, पण होम थिएटरचे पाचही स्पीकर मुके. वैतागून तो क्लासला निघून गेला.

दुपारी मी माहितीपुस्तिका काढली. बी. ए. झालेय, वाचता तर येतं! सगळे स्विच बंद केले. कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डातली एचडीएमआय केबल टीव्हीतून काढून होम थिएटरच्या ‘इन’मध्ये घातली. त्याच्या ‘आउट’मधून दुसरी केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या जागी. म्हणजे आवाज वाटेत स्पीकरकडे उतरतो, चित्र पुढे टीव्हीवर जातं; आणि मालिकांचा आवाज त्याच केबलने परत येतो. मग कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमध्ये होम थिएटर निवडून ५.१ केलं. टीव्हीवर ‘गेम मोड’ लावला. त्याने बटण दाबल्यावर चित्र रेंगाळत नाही.

संध्याकाळी गेममधला पाऊस सोफ्यामागून ऐकू आला. ‘कुणाला बोलावलंस?’ लेकाने विचारलं. ‘कुणालाच नाही.’ तो बघतच राहिला.

आता तो हॉलमध्ये खेळतो, सासूबाई शेजारी बसून ‘अरे, मागून आला बघ!’ म्हणून ओरडतात. ताटही बाहेर आलंय.

मैत्रिणींनो, पुस्तिका फेकू नका. एकदा वाचून तर बघा!