इंधनवाहिनीचा जोड

मोटारसायकलीच्या टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी पूर्वी फार साधी होती. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली. पेट्रोल आपल्याच वजनाने उतरे. जोड सैल राहिला तर थेंब गळत, इतकेच. १ एप्रिल २०२० पासून भारतात ‘भारत स्टेज सहा’ हे मानक लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. येथे विजेचा पंप पेट्रोल सुमारे तीन बार दाबाने ढकलतो. असा जोड निसटला तर तापलेल्या इंजिनावर फवाराच उडतो.

म्हणून आधी दाब उतरवावा. इंजिन गार असताना पंपाची वीज तोडून ते सुरू करावे; नळीतला दाब ओसरला की ते आपोआप बंद पडते. तरीही थोडे पेट्रोल उरतेच. जोडाभोवती फडके धरावे. विडी ओढणाऱ्या सल्लागारांना दूर बसवावे, हे सांगणे नलगे! जोडाची खिटी दाबून तो सरळ ओढावा. पिळल्यास जुने प्लॅस्टिक तडकते.

गळती खरी अडवते ती आतली रबरी कडी. ती कडक झाली असेल तर बदलावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल साध्या रबराला मानवत नाही. म्हणून कडी आणि नळी इंजेक्शनसाठीच बनवलेली घ्यावी. स्वस्त नळी दाबाने फुगते.

जोडताना ‘टक्’ असा आवाज यावा. तरीही एकदा ओढून पाहावे. मग पंपाची वीज जोडून किल्ली दोनतीनदा फिरवावी, दाब भरू द्यावा आणि जोडावर कोरडा कागद टेकवावा. कागद कोरडाच राहिला तर इंजिन सुरू करावे.