दोरीवरचं धुणं: ऊन काय करतं आणि काय करत नाही

"आज ऊन नाही, धुणं आतच घाला." आषाढात नगरजवळच्या भिंगारच्या घराघरांतून हे ऐकू येतं आणि अंगणातली दोरी रिकामी राहते. कपडे उन्हाने वाळतात, अशी आपली पक्की समजूत. ती अर्धीच खरी आहे. कपड्यातलं पाणी वाफ होऊन हवेत जातं. हवा कोरडी आणि हलती असेल तर ते झपाट्याने जातं. ऊन कपडा तापवून या कामाला वेग देतं, पण कपड्याला बिलगलेली दमट हवा दूर सारतो तो वारा.

आणि वाऱ्याच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. भिंगार सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे साधारण साडेपाचशे-सहाशे. पावसाळ्यातले कितीतरी दिवस नुसते ढगाळ आणि वाऱ्याचे असतात. नगर तालुक्यात खांडक्याच्या परिसरात आणि पुणे रस्त्यावर सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर, आणि तो सर्वांत जोरात वाहतो जून ते ऑगस्टमध्ये. पत्र्याच्या पडवीत किंवा दोन्ही बाजूंनी उघड्या गच्चीच्या जिन्यात दोरी बांधली, तर एकही किरण न पडता धुणं दुपारपर्यंत हाताला कोरडं लागतं. थंडीचंही तसंच. पौषात बोटं गारठतात म्हणून कपडे वाळणार नाहीत असं वाटतं, पण त्या दिवसांत दुपारची हवा इतकी कोरडी असते की काम होऊन जातं.

खोलीत घातलेल्या धुण्यातलं पाणी मात्र कुठे जातं? हाताने पिळलेल्या सुती कपड्यांत जवळपास त्यांच्या कोरड्या वजनाइतकं पाणी उरतं. चार किलो धुणं बंद खोलीत टांगलं, तर काही लिटर पाणी त्याच खोलीच्या हवेत मिसळतं. भिंतीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरते, दमेकऱ्याला त्रास होतो. आतच घालायची वेळ आली तर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नुसता पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो.

"आमच्याकडे ड्रायर आहे," असं सांगणारे बहुतेक जण सेमी ऑटोमॅटिक मशीनच्या दुसऱ्या टबाबद्दल बोलत असतात. तो टब कपडे गरगर फिरवून पाणी झाडतो, वाळवत नाही. त्यातून काढलेल्या कपड्यांची घडी घालून कपाटात ठेवली की दोन दिवसांत कुबट वास येणारच. गरम हवेने वाळवणारं यंत्र वेगळं. एक लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे पाऊण युनिट एवढी ऊर्जा लागते. यंत्राला ती विजेतून घ्यावी लागते, दोरीला ऊन-वाऱ्यातून फुकट मिळते.

आता सर्वांत जास्त पसरलेली समजूत: कडक ऊन दाखवलं की सगळे जंतू मरतात. उन्हात जंतूंना रोखण्याची ताकद आहे, हे ब्रिटनमध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी 1877 मध्येच प्रयोगांनी दाखवलं. पण रुग्णालयांतल्या निर्जंतुकीकरणाच्या दिव्यांतून जे अतिनील किरण निघतात, ते सूर्यप्रकाशातून आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. वातावरण ते वरच अडवतं. खाली येणारे किरण सौम्य. ते आणि कोरडेपणा मिळून जंतूंची संख्या पुष्कळ कमी करतात, शून्य करत नाहीत. ओल्या कपड्यांच्या आंबट वासामागे मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू असतो, हे जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवून दिलं. तो कोरडेपणा आणि अतिनील किरण दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. म्हणून वास धरलेला टॉवेल नुसता उन्हात टाकून भागत नाही. तो गरम पाण्यात साबणाने धुवायचा आणि मग उन्हात घालायचा. घरात कुणाला खरूज झाली असेल तर हे जास्तच लक्षात ठेवावं. खरजेचे किडे मरायला 50 अंशांच्या वरची उष्णता किमान दहा मिनिटं लागते, म्हणून त्या माणसाचे कपडे आणि पांघरुणं कढत पाण्यातच भिजवावीत.

यापेक्षा मला कळकळीने सांगावंसं वाटतं ते दोरीवर न दिसणाऱ्या कपड्यांबद्दल. बाईचे आतले कपडे साडीखाली, परकराखाली किंवा न्हाणीघरातल्या खिळ्यावर वाळवायचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो. पाळीचं कापड तर कुणाच्या नजरेलाही पडता कामा नये. म्हणजे ज्या कपड्याला ऊन-वाऱ्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते मिळत नाही. दमट कापड दिवसभर कातडीला घासलं की जांघेत आणि कमरेला गजकर्णाला आयती जागा मिळते. ते घरात एकाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि दुकानातून आणलेलं स्टेरॉइडचं मलम लावलं की वरवर दबून आणखी चिवट होतं. पाळीचं कापड वापरणाऱ्या मुलींनी ते साबणाने धुवून भर उन्हात पूर्ण कोरडं करावं आणि स्वच्छ, कोरड्या पिशवीत ठेवावं. शेजारपाजाऱ्यांची नजर नको असेल तर दोरीच्या पुढे हातभर अंतरावर पातळ ओढणी टांगावी. तिच्यातून वारा जातो. आयांनी ही दोरी स्वतः बांधून दिली, तर मुलींना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.

उन्हात वाळलेल्या कपड्यांना येणारा वास हा मेलेल्या किड्यांचा असतो, असं हल्ली मोबाइलवर फिरतं. ते खोटं आहे. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी टॉवेल अंधारात, सावलीत आणि उन्हात वाळवून पाहिले आणि 2020 मध्ये निष्कर्ष छापले. उन्हातल्या ओल्या टॉवेलवर आल्डिहाइड आणि कीटोन या वर्गातली सुवासिक द्रव्यं तयार झाली होती. तसली द्रव्यं फुलाफळांतही असतात.

रंगाबाबत मात्र आजीची समजूत बरोबर. पांढरं सुती कापड उन्हात उजळतं. पण ज्या क्रियेने डाग फिके पडतात, तिनेच रंगही उडतो. गडद कपडे उलटे करून सावलीत घालावेत. रेशमाला आणि जरीला थेट ऊन दाखवू नये. पांढरं रेशीम उन्हात पिवळं पडतं.

शेवटची समजूत जिवावर बेतणारी आहे: दोरी तुटते, लोखंडी तार टिकते. पत्र्याच्या घराला किंवा विजेच्या खांबाला बांधलेल्या तारेत, वायरचं आवरण कुठे घासलं गेलं असेल तर प्रवाह उतरतो. ओला टॉवेल आणि ओले हात उरलेलं काम करतात. जून 2024 मध्ये आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या दौंड तालुक्यात, दापोडी गावी, कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरून एकाच घरातली तीन माणसं गेली. अशा वेळी एकाला वाचवायला धावलेला दुसराही सापडतो, म्हणून अंगाला हात न लावता आधी मेन स्विच बंद करायचा. आणि तार आजच काढून नायलॉनची किंवा सुताची दोरी बांधायची, वायरपासून आणि खांबापासून लांब, भिंतीतल्या लाकडी खुंटीला. नायलॉन उन्हाने ठिसूळ होतं, तेव्हा दर पावसाळ्याआधी दोरी ओढून पाहावी आणि तंतू निघत असतील तर बदलावी.