गिटमधील ‘फेच’ व ‘पुल’ आज्ञांचे पर्याय

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये निर्माण केलेल्या गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत दूरस्थ भांडारातील बदल आणण्यासाठी ‘फेच’ व ‘पुल’ या आज्ञा आहेत. ‘फेच’ बदल केवळ उतरवून घेते. वापरकर्त्याच्या चालू फायलींना हात लावत नाही. ‘पुल’ मात्र ते बदल लगेच चालू शाखेत समाविष्ट करू पाहते.

‘फेच’ला ‘प्रून’ हा पर्याय जोडल्यास दूरस्थ भांडारातून काढून टाकलेल्या शाखांच्या स्थानिक खुणा पुसल्या जातात. ‘डेप्थ’मुळे आणावयाचा इतिहास मर्यादित राहतो. ‘पुल’ला ‘एफएफ-ओन्ली’ जोडल्यास, दोन्हीकडे स्वतंत्र बदल झाले असताना एकत्रीकरण नाकारले जाते.

म्हणून सामायिक संशोधन-प्रकल्पात प्रथम ‘फेच’, मग तुलना आणि शेवटी विलीनीकरण हा क्रम श्रेयस्कर ठरतो. सहकाऱ्याचे बदल न तपासताच स्वीकारले जाण्याचा धोका त्यामुळे टळतो.