परक्या रुळांवरून

विनिपेगहून पश्चिमेस निघणाऱ्या ‘द कॅनेडियन’ या उतारूगाडीचे खरे काम कोणते, असे मला कोणी विचारले, तर धावणे हे उत्तर मी देणार नाही. थांबणे, आणि थांबलेल्या काळात शेकडो माणसांचे जेवणखाण, झोप आणि मनःस्वास्थ्य बिनबोभाट सांभाळणे, हेच तिचे खरे काम होय. टोरांटो ते व्हँकुव्हर हे ४,४६६ किलोमीटरांचे अंतर ती चार रात्रींत तोडते. २००८ पर्यंत त्यास तीन रात्री पुरत असत, आणि या वाढीव रात्रीचा हिशेब इंजिनाच्या अश्वशक्तीत नव्हे, रुळांच्या मालकीत सापडतो. गाडी ‘व्हिया रेल’ या सरकारी महामंडळाची; रूळ मात्र पश्चिमेच्या या सगळ्या मुलखात ‘कॅनेडियन नॅशनल’ कंपनीचे. ही कंपनीही एके काळी सरकारचीच होती. १९९५ साली सरकारने ती भागधारकांना विकली, तेव्हा तिच्या रुळांची मालकीही अर्थातच तिच्याबरोबर गेली, आणि देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे माणसे नेणारी गाडी आपल्याच देशात भाडेकरू झाली.

एकेरी मार्गावर ठरावीक अंतराने बाजूचा रूळ टाकलेला असतो, आणि समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीने त्या साइडिंगमध्ये शिरून दुसरीस वाट द्यावयाची, ही रीत आपल्या कोकण रेल्वेच्या उतारूंना चांगली परिचयाची आहे. परंतु आपल्याकडे मेलगाडी आली की मालगाडी मुकाट्याने बाजूस सरते. येथे सारे उलट. यात केवळ मालकाची मर्जी पाहणे अन्यायाचे होईल. पुष्कळशी साइडिंगे ज्या काळी बांधली गेली त्या काळच्या मालगाड्या त्यांत मावत असत; आज तीन-साडेतीन किलोमीटर लांबीच्या गाड्या निघू लागल्यापासून त्या तेथे मावतच नाहीत, आणि जी गाडी मावते तिनेच आत शिरावे, याखेरीज दुसरी तजवीज भूमितीला ठाऊक नाही.

काचेच्या घुमटाखालची, चोवीस माणसे बसतील एवढी माडी काही डब्यांवर आहे. तेथील अगदी पुढचे आसन मिळाले तर हा सारा विधी नीट पाहता येतो. प्रथम पिवळा दिवा दिसतो व वेग उतरू लागतो. सांधे बदलण्यास येथे कोणी माणूस येत नाही. शेकडो मैलांवरच्या कचेरीत बसलेल्या नियंत्रकाच्या हुकुमाने ते विजेच्या बळावर आपणच सरकतात, आणि गाडी पावलापावलाने बाजूच्या रुळावर येऊन तिचा शेवटचा डबा मुख्य मार्गापासून निर्वेध झाला की स्तब्ध उभी राहते. सॅस्कॅचेवानच्या सपाटीवर समोरच्या गाडीचा दिवा प्रत्यक्ष गाडीच्या कितीतरी आधी क्षितिजावर दिसतो. तो जवळ येतो आहे की नाही याविषयी उतारूंत दुमत होते, पैजा लागतात, कोणी कॉफी घेऊन येतो, आणि मग एकाएकी इंजिने अंगावरून गेल्यासारखी निघून जातात. त्यांच्यामागे धान्याच्या वाघिणी, पोटॅश खताच्या वाघिणी, एकावर एक असे दुमजली रचलेले कंटेनर, मध्येच, कोणीही मनुष्य नसलेले, बिनतारी आज्ञेने ओढणारे आणखी एक इंजिन, पुन्हा वाघिणी. गार्डाचा डबा नाही. शेवटच्या वाघिणीच्या मागे अडकविलेला एक लुकलुकता दिवा तेवढा जातो. तो गेला की आमचा सिग्नल बदलतो. काही हौशी उतारू चालकांचे बिनतारी संभाषण ऐकण्याचे यंत्र बरोबर बाळगतात. त्यावर मार्गालगतच्या तपासणी-यंत्राचा आवाज ऐकू येतो, जो सरकत्या गाडीचे आस मोजून ‘दोष नाही’ अशी ग्वाही एखाद्या सरकारी कारकुनाच्या निर्विकारपणे देतो.

हा मार्ग मूळचा ग्रँड ट्रंक पॅसिफिक कंपनीचा. निर्मनुष्य मुलखात एकामागून एक स्थानके उभारताना त्यांच्या बारशाचा प्रश्न कंपनीने इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने सोडविला, त्यामुळे फेनवुड, गुडीव, हबर्ड, इट्यूना, जॅस्मिन, केलिहर अशी गावे शाळेतल्या हजेरीप्रमाणे ओळीने येतात व पुढे यंग आणि झेल्मा येथे मुळाक्षरे संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. या मालिकेत मेलव्हिल हे नाव मात्र कंपनीचे अध्यक्ष चार्ल्स मेलव्हिल हेज यांचे. मार्ग पुरा होण्यापूर्वीच, १९१२ साली, ते ‘टायटॅनिक’बरोबर बुडाले, आणि त्यांच्या पश्चात कंपनीही कर्जात बुडून सरकारच्या पदरी आली.

गाडीचे डबे या इतिहासाहून निराळ्या गोत्राचे आहेत. फिलाडेल्फियाच्या बड कंपनीने ते कॅनेडियन पॅसिफिक या प्रतिस्पर्धी कंपनीसाठी १९५४-५५ मध्ये बांधले, आणि २४ एप्रिल १९५५ रोजी ही गाडी कॅल्गरी-बॅन्फच्या मार्गाने प्रथम निघाली. १९९० च्या जानेवारीत सरकारने उतारूगाड्यांत मोठी काटछाट केली तेव्हा ती उत्तरेकडच्या या मार्गावर आणण्यात आली. पन्हळी, गंज न चढणाऱ्या पोलादाच्या या डब्यांत पूर्वी वाफेची ऊब असे, आता विजेची असते; बाकी रचना पुष्कळशी जुनीच आहे, आणि त्या रचनेला दिवसाची रात्र व रात्रीचा दिवस करण्यासाठी अद्यापि माणसाचे हातच लागतात.

आमच्या डब्याचा अटेंडंट हा पन्नाशीचा, मितभाषी गृहस्थ होता, आणि त्याचे काम पाहण्यात मी डोंगर पाहण्याइतकाच वेळ घालविला, याचा मला मुळीच पश्चात्ताप नाही. उतारू भोजनाच्या डब्याकडे गेले की तो समोरासमोरची दोन रुंद आसने एकमेकांकडे ओढून मधली पोकळी बुजवी. मग खिशातील किल्ली लावून छतालगतची वक्र झडप खाली आणी, की तिच्या पोटात दिवसभर बंदिस्त असलेला वरचा बर्थ, गाद्या आणि उशा प्रकट होत. गादी खालच्या बर्थवर टाकून, गाडीच्या हेलकाव्याला तोल जाऊ नये म्हणून एक गुडघा लाकडी चौकटीस टेकवून, तो चादरीचे कोपरे असे आवळी की त्यांवर सुरकुती शोधून सापडू नये. शेवटी जाड पडदे टांगले जात. वरच्या बर्थला खिडकी नसते, म्हणून त्याचे भाडे कमी. खोल्यांमध्ये खुर्च्या मिटून पलंगाखाली सारावयाच्या आणि भिंतीतला पलंग खाली उतरवावयाचा. सकाळी न्याहारीच्या वेळी हाच सारा प्रकार उलट्या क्रमाने. म्हणजे त्याचे घड्याळ भोजनगृहाच्या पंगतींना बांधलेले, आणि पंगत लांबली की बिछाना लांबला; इतर उतारू साइडिंगमध्ये गाडी थांबली की चडफडत, हा मात्र त्याच क्षणी उशांचे अभ्रे काढावयास घेई, कारण स्थिर डब्यात बारा बिछान्यांचे काम आठांच्या वेळात होते, असा त्याचा अनुभव होता. उशिराबद्दल त्याच्या तोंडून मी एकही तक्रार ऐकली नाही.

एडमंटननंतर सपाटी संपते. जास्परला आम्ही सकाळऐवजी दुपार टळता टळता पोहोचलो. जुलै २०२४ मधील वणव्यात या गावाचा जवळजवळ तृतीयांश भाग जळाला, आणि भोवतालच्या उतारांवर पाने नसलेले काळे बुंधे मैलोगणती उभे आहेत. पुढे यलोहेड खिंड येते. भोरघाटात ३७ फुटांस एक फूट अशी चढण चढलेल्या महाराष्ट्रीय माणसाची येथे थोडी निराशाच होते, कारण सुमारे १,१३१ मीटर उंचीची ही खिंड येऊन गेल्याचे घड्याळ एक तास मागे घेण्याची सूचना मिळेपर्यंत कळतच नाही. रॉकी पर्वत ओलांडण्याच्या अगदी सौम्य वाटांपैकी ही एक, आणि म्हणूनच दोन कंपन्यांनी एकमेकींवर ईर्ष्येने येथे शेजारीशेजारी दोन लोहमार्ग टाकले. पहिल्या महायुद्धात त्यांपैकी अनावश्यक ठरलेले रूळ उखडून फ्रान्सच्या रणभूमीकडे रवाना झाले. उखडलेला तो मार्ग आज असता तर कित्येक मालगाड्या, आणि आम्हीही, पुष्कळ कमी थांबलो असतो. खिंडीच्या एका अंगाचे पाणी आर्क्टिक समुद्रास मिळते, दुसऱ्या अंगाचे फ्रेझर नदीतून पॅसिफिकला. ३,९५४ मीटर उंचीचे माउंट रॉबसन शिखर त्या सायंकाळी निरभ्र होते. ते पुष्कळदा मेघांत असते, असे अटेंडंटाने आमच्या अंगावर उपकार केल्याच्या स्वरात सांगितले.

कॅम्लूप्स रात्री मागे पडले, आणि वेळापत्रकानुसार अंधारात उरकावयाची फ्रेझरची दरी आम्हाला पहाटेच्या उजेडात दिसली. उंच कड्यांमधल्या या अरुंद खोबणीत नदीच्या दोन काठांवर दोन कंपन्यांचे दोन मार्ग आहेत, आणि सिस्को येथे ते पुलांवरून आपापले काठ बदलतात. कॅनेडियन पॅसिफिकचा मार्ग आधीचा, १८८० नंतरच्या पाच वर्षांत प्रामुख्याने चिनी मजुरांनी सुरुंग लावून खोदलेला. त्यांतले शेकडो येथेच मृत्यू पावले, आणि काम संपताच १८८५ मध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर पन्नास डॉलरांची पट्टी बसविण्यात आली. दुसरा मार्ग कॅनेडियन नॉर्दर्न कंपनीचा. त्याच्या खोदकामामुळे १९१४ साली हेल्स गेट येथे कडा कोसळला, नदी आकसली, आणि अंडी घालण्यासाठी वर निघालेल्या सामन माशांची वाट अडली. अशा दोन हाडवैऱ्यांच्या वारसांनी आता आपसांत करार केला आहे की, पश्चिमेकडे जाणाऱ्या सर्व गाड्या एकीच्या रुळांवरून सोडाव्यात आणि पूर्वेकडे जाणाऱ्या दुसरीच्या. त्यामुळे या दरीत समोरून येणारी गाडीच नसते, आणि बाजूच्या रुळाचे प्रयोजनही फारसे उरत नाही. आम्ही कोठेही न थांबता खाली उतरत होतो. न्याहारीची पंगत घाईने आटोपत होती, सारे उतारू घुमटाखाली खिळलेले होते, आणि डब्यात एकटाच राहिलेला अटेंडंट हेलकाव्यांत तोल सावरीत, व्हँकुव्हर येण्यापूर्वी बिछाने उकलून संपावेत म्हणून धडपडत होता.