गुळाचं पाऊच पिवळंच का? लेबलचे रंग ठरवताना



गुळाचं, मसाल्याचं छोटं काम सुरू करणारे बरेच जण डिझायनरकडे जातात आणि एवढंच सांगतात, "जरा उठावदार करा." मग रंग त्याच्या आवडीचे येतात. तुम्ही रंग ठरवूनच जा. त्यासाठी कलर व्हील, म्हणजे रंगचक्र, समजलं तरी पुरे.

भिंतीवरचं घड्याळ डोळ्यांपुढे आणा. बाराला पिवळा, चारला लाल, आठला निळा. यांची मिश्रणं मधे: दोनला नारिंगी, सहाला जांभळा, दहाला हिरवा. समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात. शेजारशेजारचे शांत, एका घरातले वाटतात. पिवळा-लाल-निळा असे चार-चार तासांवरचे तिन्ही घेतले, तर जत्रेतल्या खेळण्यांचा थाट येतो. लहान मुलांच्या मालाला तो शोभतो.

हे तुम्हाला अगदीच नवं नाही. हिरव्या साडीला लाल काठ खुलतो, तो दहा आणि चार समोरासमोर येतात म्हणून.

आता आपला गूळ घ्या. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये जीआय मिळाला, पण दुकानात मांडला की सगळी पाकिटं पिवळीच! त्यात तुमचा गूळ केमिकल न घातलेला, म्हणजे रंगाने गडद. पिवळ्याधमक पाऊचच्या पारदर्शक खिडकीतून तो मळकट दिसणार. माल चांगला असूनही गिऱ्हाईक हात आखडता घेणार.

शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1839 मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. तो गालिचे-पडदे विणणाऱ्या गोबलँ कारखान्यात रंगाईचं काम बघायचा. काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. दोष धाग्यात नव्हता, शेजारच्या रंगात होता.

तपकिरी म्हणजे गडद नारिंगीच. त्याच्या समोर निळा. गडद निळ्या पाऊचमध्ये तोच गूळ सोनेरी वाटतो. "खायच्या वस्तूला निळा?" असं कुणीतरी म्हणेलच. अहो, निळा खायचा नाहीये, ती गुळाची चौकट आहे!

फक्त समोरासमोरचे रंग निम्मे-निम्मे वापरू नका, काठ साडीएवढा रुंद नसतो. साधारण 60 टक्के मुख्य रंग, 30 टक्के दुसरा (पांढरा किंवा क्रीमही चालेल) आणि 10 टक्के उठावाचा. कांदा-लसूण मसाल्याच्या लाल पाऊचवर हिरवी पट्टी छान, पण त्याच लालवर हिरवी अक्षरं नकोत. डोळ्यांपुढे नाचतात, वाचता येत नाहीत. डिझाइनचा मोबाईलवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. नाव गायब झालं, तर दोन्ही रंग सारखेच गडद आहेत. एक फिका करा. शाकाहाराचं हिरवं चिन्हही उठून दिसेल अशाच रंगावर हवं, तो नियमच आहे. हिरव्या पाऊचवर त्यासाठी पांढरी जागा सोडा.

आणि छापील पाऊचची घाई नको. रोलवर छापताना प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो आणि मालही मोठ्या संख्येने घ्यावा लागतो. आधी साध्या निळ्या पाऊचवर स्टिकर लावून पंचवीस-तीस नग ओळखीच्या दुकानात ठेवा, पिवळ्या पाकिटांच्या अगदी शेजारी. चार पावलं मागे जा. तुमचं नाव वाचता येतंय का बघा, मगच प्रिंटरला ॲडव्हान्स द्या.