जुन्या कारचं मायलेज घटलंय? पंप बदलण्याआधी फ्युएल प्रेशर मोजून घ्या

लिटरला 16 किलोमीटर धावणारी जुनी पेट्रोल कार 11 वर आली, की गॅरेजमध्ये अनेकदा एकच निदान होतं : 'पंप गेलाय!' काही हजार रुपये खर्चून पंप बदलला जातो, पण मायलेज जागचं हलत नाही. असं का होतं?

प्रेशर आणि मायलेजचा संबंध काय?
एमपीएफआय इंजिनात इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा, हे ईसीयू ठरवतो. त्यासाठी तो पेट्रोलचं प्रेशर ठरावीक आहे असं धरून चालतो. बऱ्याच गाड्यांत ते 3 बार म्हणजे सुमारे 44 पीएसआयच्या आसपास असतं. ते 4 बार झालं, तर तेवढ्याच वेळात साधारण 15 टक्के जास्त पेट्रोल आत जातं. ऑक्सिजन सेन्सर ही चूक काही प्रमाणात सावरतो, पण इंजिन थंड असताना नाही.

थोडक्यात, मायलेज खातं ते मुख्यतः वाढलेलं प्रेशर. पंप कमजोर झाला तर आधी पिकअप जातो, चढावर गाडी मिसिंग करते.

तपासणी कशी होते?
आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. मग गेज जोडून, फ्यूज परत बसवून, गाडी आयडलिंगवर ठेवून आकडा पाहतात. तो त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून पाहावा.

आकडा काय सांगतो?
• जास्त : रेग्युलेटर अडकलाय किंवा रिटर्न लाइन चोंदलीय.
• कमी : फिल्टर चोंदलाय किंवा पंप थकलाय.
• इंजिन बंद करताच झरझर उतरतो : इंजेक्टर ठिबकतोय, रेग्युलेटर किंवा पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय.
• बरोबर : पंपाला हात लावू नका. ऑक्सिजन सेन्सर, थर्मोस्टॅट, जाम ब्रेक आणि टायरमधली हवा तपासा.

रेग्युलेटरला व्हॅक्यूम पाइप असेल, तर तो काढून पाहायला सांगा. त्यात पेट्रोल दिसलं, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन तिथून थेट पेट्रोल ओढतंय.

घरी करावं का?
अनुभव नसेल तर नको. गरम इंजिनावर पेट्रोल उडालं तर आग लागू शकते. काम मोकळ्या जागेत, थंड इंजिनावर, अग्निशामक जवळ ठेवूनच व्हावं. कॉमन रेल डिझेलला हा गेज लावूच नका. तिथलं प्रेशर हजार बारच्या पुढे जातं आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसू शकते.

मायलेज खरंच घटलंय का, हे आधी टाकी फुल ते फुल मोजून ठरवा. मग मेकॅनिकला एवढंच म्हणा, 'पंप बदला, पण आधी गेजवरचा आकडा दाखवा.'