सेवानिवृत्तीचा अर्थ : अनुग्रह, हक्क आणि साहाय्य

‘निवृत्ती’ हा शब्द मराठीत अध्यात्मविचारातून रूढ झाला. मनुष्याने प्रवृत्तीचा मार्ग सोडून स्वेच्छेने स्वीकारलेली विरक्ती, असा त्याचा आशय होता. वानप्रस्थाश्रमाची कल्पनाही याच जातीची होय. ‘सेवानिवृत्ती’त मात्र स्वेच्छेचे हे अंग बहुधा उरत नाही. तेथे दिवस ठरवितो तो नियम. मनाच्या तयारीची तो विचारपूस करीत नाही. त्या दृष्टीने ‘पेन्शनीत निघाला’ हा बोलण्यातील प्रयोगच अधिक यथार्थ म्हणावा लागेल. कामावाचून निर्वाहाची सोय झाली तरच काम सोडण्याला विसाव्याचा अर्थ येतो. म्हणून सेवानिवृत्तीचा विचार करताना निवृत्तिवेतन कोणत्या नात्याने दिले जाते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

१८७१ च्या पेन्शन अधिनियमाने सरकारी पेन्शनीसंबंधीचे दावे, अधिकृत अधिकाऱ्याचा दाखला असल्याखेरीज, दिवाणी न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. पेन्शन हा राज्यकर्त्याचा अनुग्रह, अशीच त्यामागील धारणा होती. पुढे १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन ही मालमत्ता असल्याचे मानले. १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्याच्या निर्णयात हाच विचार पूर्णत्वास गेला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठापुढे हा खटला चालला. पेन्शनीचे वाढीव सूत्र ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना नाकारणे समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरले. पेन्शन ही खैरात नसून पूर्वी केलेल्या सेवेचा मोबदला होय, हे या निर्णयाचे सार आहे.

या सिद्धांताचा अर्थ दूरगामी आहे. सेवेचा मोबदला निवृत्तीनंतरही देय राहत असेल, तर निवृत्तीने कर्मचारी व मालक यांचे नाते संपत नाही, केवळ त्याचे स्वरूप पालटते. खुर्ची व अधिकार गेले, तरी केलेल्या कामाची मान्यता कायम राहते. निवृत्ताच्या स्वाभिमानाचा आधार हाच होय.

परंतु ज्यांना निश्चित असा मालकच नाही, त्यांचे काय? चाळीस वर्षे निंदणी-खुरपणी केलेल्या शेतमजूर स्त्रीला काम सुटते ते शरीर थकल्यावर. अशांसाठी १५ ऑगस्ट १९९५ पासून राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. २०११ मध्ये तिची वयोमर्यादा ६५ वरून ६० वर आणण्यात आली आणि ६० ते ७९ वर्षे वयाच्या लाभार्थ्यांसाठी केंद्राचा हिस्सा दरमहा २०० रुपये ठेवण्यात आला. रकमेच्या अल्पतेहून येथे तत्त्वातील भेद अधिक महत्त्वाचा आहे. ही रक्कम दारिद्र्य सिद्ध केल्यावर मिळते; श्रमांचा हिशेब तीत नाही. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात वृद्धापकाळी साहाय्याचा निर्देश आहे. परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत मोडत असल्याने त्याच्या आधारे न्यायालयात दाद मागता येत नाही.

तात्पर्य, एकाच वयाच्या दोन वृद्धांपैकी एकास मोबदला मिळतो व दुसऱ्यास साहाय्य. हा भेद वयाचा नाही, श्रमांचाही नाही. श्रमांची नोंद कोणी ठेवली, एवढाच तो आहे. सेवानिवृत्तीच्या अभ्यासाचा आरंभ या नोंदीपासून व्हावयास हवा.